आकडा सांगितलात, वाट कधी सांगणार?

देवयानी ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक प्रचंड समूह, दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचा चेहरा मला आता पाठ झाला आहे. आधी डोळे बारीक होतात, मग भुवया वर जातात, मग तो डोकं मागे घेऊन नळीच्या तोंडाकडे बघतो, झाकण तसंच राहिलंय का म्हणून. छायाचित्रांत त्याने पाहिलेले असतात निळे-गुलाबी सर्पिल हात आणि मधोमध सोनेरी तेज. इथे दिसतो राखाडी, धुरकट डाग, काचेवर ओलं बोट फिरवल्यासारखा. अशा वेळेसाठी माझ्याकडे एक वाक्य तयार असायचं, "हा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालाय." वाक्य लागू पडायचं. लोक पुन्हा डोळा लावायचे, "बाप रे" म्हणायचे आणि रांग पुढे सरकायची.

एका रात्री एक बाई डोळा न काढताच म्हणाल्या, "२५ लाख हे कोणी मोजलं? आणि कशाने?"

मी म्हणालो, "शास्त्रज्ञांनी." त्यांनी मान डोलावली, आभार मानले आणि त्या पुढच्या दुर्बिणीकडे गेल्या. त्यांची ती समंजस मान मला आजही टोचते. त्यांनी विज्ञानातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला होता, आणि मी त्यांना "मोठी माणसं सांगतात म्हणून" या जातीचं उत्तर दिलं होतं. आकडा मला ठाऊक होता. त्या आकड्यापर्यंत माणसं कोणत्या वाटेने पोहोचली, हे दोन मिनिटांत सांगायची तयारी मी कधी केलीच नव्हती.

ही उणीव माझ्या एकट्याची असती तर मी हा लेख लिहिला नसता. अंतराळ आणि खगोलाबद्दल सामान्य वाचकाला जे काही सांगितलं जातं, मग ती बातमी असो, व्याख्यान असो वा चार मिनिटांचा व्हिडिओ, त्यातलं बहुतेक सगळं निष्कर्षाचं असतं. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश, अमुक ग्रह शंभर प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष) दूर, विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. कसं कळलं, हा भाग जागेअभावी, वेळेअभावी किंवा "लोकांना झेपणार नाही" म्हणून गळतो. माझं म्हणणं असं की गळतो तोच भाग विज्ञान आहे. तो काढून घेतला की उरतं ते ऐकीव ज्ञान. आणि ऐकीव ज्ञानाला फोनवर काही वेगळा शिक्का नसतो. "अमुक ताऱ्यावर हायड्रोजन आहे" आणि "अमुक ग्रह एका रेषेत आले की भूकंप होतो" ही दोन्ही वाक्यं सारख्याच ठाम सुरात, सारख्याच सुंदर चित्रासोबत येतात. वाट कधी दाखवलीच नसेल, तर कशावर विश्वास ठेवायचा हे वाचकाने कशाच्या बळावर ठरवावं?

तर ती २५ लाखांची वाट. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर डावी-उजवीकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते, लांब नेला की लहान. दोन डोळ्यांमधलं अंतर ठाऊक असेल आणि उडीचा कोन मोजता आला, तर अंगठा किती लांब आहे हे टेप न लावता काढता येतं. याला पराशय म्हणतात. ताऱ्यांसाठी डोळ्यांमधले सहा-साडेसहा सेंटिमीटर अगदीच अपुरे, म्हणून पृथ्वीची कक्षाच कामाला लावली. आज एक निरीक्षण, सहा महिन्यांनी दुसरं, आणि दोन जागांमधलं अंतर सुमारे ३० कोटी किलोमीटर. एवढं करूनही ताऱ्यांची उडी इतकी सूक्ष्म, की आकाशाकडे दुर्बीण वळल्यानंतर सव्वादोनशे वर्षं ती खात्रीने कोणाच्याच हाती लागली नाही. १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला. आला सुमारे ०.३१ विकला. एका अंशाचे ३,६०० भाग करा, त्यातल्या एका भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा घ्या. दोन सेंटिमीटर रुंदीचं नाणं तेरा किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढा तो कोन.

या तेरा किलोमीटरवरच्या नाण्यापाशी सांगणाऱ्याने थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. तारा ११ प्रकाशवर्षं दूर आहे हे वाचक दुसऱ्या दिवशी विसरतो. एका माणसाने काचेतून रात्रीमागून रात्री ते नाणं मोजलं, हे तो विसरत नाही.

पराशयाची पायरी मात्र लवकर संपते. फार लांबच्या ताऱ्याची उडी कुठल्याच यंत्राला पकडता येत नाही. पुढची पायरी हेन्रिएटा लेविट यांनी रचली. हार्वर्डच्या वेधशाळेत त्या काचेच्या छायाचित्रपट्ट्यांवरच्या ताऱ्यांचं तेज मोजत असत. सेफीड नावाचे तारे ठरावीक दिवसांत तेजस्वी होतात, मंदावतात, पुन्हा तेजस्वी होतात. लहान मॅगेलनी मेघ या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या अशा २५ ताऱ्यांच्या नोंदी त्यांनी १९१२ मध्ये मांडल्या, आणि त्यांतून दिसलं की ज्या ताऱ्याचं आवर्तन जास्त दिवसांचं, तो जास्त तेजस्वी. खरी खुबी "एकाच मेघातले तारे" या शब्दांत आहे. रात्री दूरच्या डोंगरावर एखाद्या वस्तीचे दिवे दिसतात. त्यातला एक दुसऱ्याहून चौपट उजळ दिसला, तर तो जवळ आहे म्हणून उजळ दिसतोय असं म्हणता येत नाही, कारण सगळे दिवे आपल्यापासून जवळपास सारखेच लांब आहेत. तो मुळातच चौपट उजळ असणार. म्हणजे अशा काही ताऱ्यांचं अंतर एकदा वेगळ्या मापाने कळलं, की पुढे नुसते दिवस मोजून कुठल्याही सेफीडचं मूळ तेज कळतं. मूळ तेज आणि प्रत्यक्ष दिसणारं तेज यांची तुलना केली की अंतर निघतं, कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश होतो, तिप्पट झालं की एक नवमांश. हा नियम ताऱ्यांसाठी वेगळा नाही, खोलीतल्या दिव्यालाही तोच लागू आहे.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीचं छायाचित्र घेतलं. त्यातल्या एका ठिपक्याला त्याने आधी नोव्हा, म्हणजे अचानक भडकून मंदावणारा तारा, समजून तशी खूण केली होती. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर त्याने ती खूण खोडली आणि शेजारी 'चल तारा' या अर्थाची अक्षरं लिहिली, उद्गारचिन्हासकट. तो सेफीड होता, सुमारे ३१ दिवसांच्या आवर्तनाचा. हिशोब केल्यावर अंतर आलं साधारण ९ लाख प्रकाशवर्षं. आपल्या आकाशगंगेच्या व्यासाचा तेव्हाचा सर्वांत मोठा अंदाजही ३ लाखांचा होता. तो धुरकट डाग आपल्या आकाशगंगेतला ढग नव्हता, बाहेरची एक वेगळीच दीर्घिका होती. विश्वाचा आकार माणसाच्या डोक्यात ज्या क्षणी बदलला, तो क्षण एका काचेच्या पट्टीवर शाईने खोडलेल्या अक्षरात आजही दिसतो.

आणि हबलचे ९ लाख चूक होते. सेफीड दोन जातींचे असतात आणि दोघांचं तेज वेगळं असतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिसचे दिवे मंद ठेवले जात, माउंट विल्सनवरचं आकाश जास्त काळं झालं, आणि वाल्टर बाडे यांना देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे टिपता आले. त्या कामातून ताऱ्यांच्या दोन पिढ्या वेगळ्या ओळखता आल्या. १९५२ मध्ये त्यांनी सेफीडांचे दोन प्रकार मांडले आणि देवयानीचं अंतर एका झटक्यात दुपटीच्या आसपास गेलं. पुढच्या सुधारणांनी ते आजच्या २५ लाखांवर आलं.

अशा चुका लोकांना सांगाव्यात का? माझ्या ओळखीतल्या काही चांगल्या विज्ञान-लेखकांना वाटतं की नाही. आधीच अविश्वास एवढा पसरलेला असताना "शास्त्रज्ञ ९ लाख म्हणाले, मग २५ लाख म्हणाले" हे सांगणं म्हणजे विरोधकाच्या हातात काठी देणं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. दुरुस्ती कशामुळे झाली हे लपवलं, तर उद्या कुठलाही आकडा बदलला की वाचकाला फसवणूक वाटते. बाडेंची गोष्ट ज्याने ऐकली आहे, त्याला आकडा बदलण्यात काम चालू असल्याची खूण दिसते. शिवाय ९ लाख असो वा २५ लाख, देवयानी आकाशगंगेच्या बाहेर आहे हा निष्कर्ष दोन्ही आकड्यांत टिकतो. काय डळमळीत होतं आणि काय पक्कं होतं, हे वेगळं ओळखता येणं ही वाचकाला देता येण्याजोगी फार मोठी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. लोकांना पद्धत नको असते, त्यांना थक्क व्हायचं असतं. थक्क होण्यावर माझा आक्षेप नाही. मी स्वतः त्याच वाटेने आकाशाकडे आलो. पण नुसतं थक्क झालेला माणूस निःशस्त्र असतो. ऑगस्ट महिना आला की "२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा निरोप बरीच वर्षं फिरत आला आहे. त्याचं मूळ खरं आहे. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ जवळपास ६० हजार वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीजवळ आला होता. मूळ संदेशात होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा दिसेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळली, चंद्र उरला.

हा निरोप खोटा आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मंगळाचा व्यास चंद्राच्या साधारण दुप्पट आहे. दुप्पट मोठी वस्तू तेवढीच दिसायची तर ती दुप्पट अंतरावर हवी, म्हणजे सुमारे साडेसात लाख किलोमीटरवर. २००३ च्या त्या विक्रमी जवळिकीतही मंगळ होता साडेपाच कोटी किलोमीटरहून दूर. भागाकार करून बघा, सत्तरच्या पुढे येतं. ती ७५ पटीची दुर्बीण कुठून आली तेही इथेच उमगतं. एवढा हिशोब ज्याने एकदा स्वतः केला, तो पुढच्या ऑगस्टमध्ये निरोप पुढे पाठवत नाही, आणि मला वाटतं त्या दिवशी तो मंगळाकडे आधीपेक्षा जास्त वेळ बघतो.

आता शब्दांबद्दल. आपल्या भाषेत खगोलाचे शब्द सुंदर आहेत, पण काही शब्द वाचकाला चुकीच्या दाराशी नेऊन सोडतात, आणि लिहिणारा ते माहीत असूनही पुढे निघून जातो. "कृष्णविवर" म्हटलं की बीळ दिसतं, खड्डा दिसतो, आणि मग "ते सगळं गिळतं" हे ओघानेच येतं. सूर्याच्या जागी अगदी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर आठ मिनिटांनी अंधार होईल, पुढे गारठा पडेल, पण पृथ्वी आपल्या कक्षेत फिरतच राहील. लांबून ओढ तेवढीच आहे. फरक पडतो तो अगदी जवळ गेल्यावर, कारण सूर्याएवढं वस्तुमान जेमतेम तीन किलोमीटर त्रिज्येत मावलेलं असतं. "महास्फोट" हा शब्दही तसाच. इंग्रजीतलं मूळ नाव १९४९ मध्ये फ्रेड हॉईलने रेडिओवरच्या भाषणात दिलं, आणि त्याला स्वतःला तो सिद्धान्त मान्य नव्हता. मराठीत त्यात 'स्फोट' आला आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर काळ्या पोकळीत फुटलेला बॉम्ब उभा राहिला. मग तो विचारतो, "स्फोट कुठे झाला?" त्याला उत्तर देणारा पुरावा १९६५ मध्येच जाहीर झाला. पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनाला आकाशाच्या प्रत्येक दिशेने सारखीच मंद खरखर ऐकू आली, आरंभीच्या तापलेल्या विश्वाची उरलेली ऊब, केवल शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाच्या, जेमतेम तीन अंश वरची. स्फोट एका जागी झाला असता तर ऊब त्या बाजूने आली असती. ती चहूकडून येते, कारण अवकाशच सगळीकडे प्रसरण पावलं. हे दोन्ही शब्द आता रुळलेत, ते बदला असं मी म्हणणार नाही. ते वापरताना दोन वाक्यं जास्त खर्च करा, एवढीच मागणी आहे.

एका शब्दाबाबत मात्र मी अडून बसेन. अंतराळस्थानकात "शून्य गुरुत्वाकर्षण" असतं, हे लिहिणं थांबायला हवं. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतं. मग आतली माणसं तरंगतात कशी? ती पडत असतात, म्हणून. स्थानक एका सेकंदात पृथ्वीकडे सुमारे ४.३ मीटर पडतं, आणि त्याच सेकंदात पुढे जातं साडेसात किलोमीटरहून जास्त. तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून नेमकी तेवढीच वळते. पडणं चालूच राहतं, जमीन जवळ येत नाही. स्थानक, माणूस, त्याच्या हातातली पेन्सिल, सगळं एकाच वेगाने पडतंय, म्हणून कुणी कुणावर टेकत नाही. पायाखालची जमीन पायाला वर रेटते तेव्हा आपल्याला वजन जाणवतं, आणि तिथे रेटणारं काही नाही. यासाठी "भारहीनता" हा अचूक शब्द आपल्याकडे आहे. गुरुत्वाकर्षण खरंच शून्य असतं, तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं, पृथ्वीभोवती दीड तासात फेरी मारत बसलं नसतं. एक चुकीचा शब्द न्यूटनची सगळ्यात देखणी कल्पना झाकून टाकतो: पडणारा दगड आणि फिरणारा चंद्र यांचं कारण एकच आहे.

ताणलेल्या रबरी चादरीवर ठेवलेला जड गोळा हा दाखलाही माझ्या मनातून उतरला आहे. गोळा चादर खाली का दाबतो? गुरुत्वाकर्षणामुळे. गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच उसनं घ्यावं लागत असेल, तर समजलं काय?

चित्रांकडे वळतो, कारण देवयानीजवळ चेहरे उतरतात ते चित्रांमुळे. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर झाली. पृथ्वीवर विखुरलेल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी टिपून ती घडवली. त्या लहरींना रंग नसतो, डोळ्यांना त्या दिसतही नाहीत. ते नारिंगी कडं माणसांनी निवडलेल्या रंगाचं आहे. अवकाशातली जेम्स वेब दुर्बीण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांत बघते, तिच्या चित्रांतही रंग नंतर भरले जातात, साधारणपणे आखूड लहरींना निळा, लांब लहरींना लाल. यात फसवणूक नाही. न दिसणारं दिसतं करायची ती प्रामाणिक रीत आहे. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो हे न सांगितल्यावर. आणि पुष्कळदा चित्र दुर्बिणीचं नसतंच, एखाद्या चित्रकाराने काढलेल्या परग्रहाचं असतं, त्यावर ढग, समुद्र, क्षितिजावर दोन सूर्य. त्या ग्रहाबद्दल प्रत्यक्ष हाती असतं एवढंच, की ताऱ्याचा प्रकाश ठरावीक दिवसांनी एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी मंदावतो. मला ती खाली-वर होणारी साधी रेघ पानभर छापलेली बघायची आहे. त्या खाचेतून एक अख्खा ग्रह ओळखता येतो, हे कुठल्याही समुद्राच्या चित्राहून मोठं आहे.

वेब दुर्बिणीवर सुमारे १० अब्ज डॉलर खर्च झाले, आणि तो पैसा लोकांचा होता. लोकांना सुंदर चित्रं मिळाली. ती कशी वाचायची हे सांगणंही त्यांच्या पैशातच बसतं.

यातला सगळ्यात ताजा प्रसंग पुन्हा लेविटबाईंच्या ताऱ्यांशीच येऊन थांबतो. विश्वाच्या प्रसरणाचा दर सेफीड आणि अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन फुटणारे तारे, यांच्या पायऱ्या चढून मोजला, तर दर मेगापार्सेकला, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो. आदिकालीन विश्वाच्या त्या मंद उबेवरून काढला, तर सुमारे ६७. दोन्ही गटांनी आपापल्या चुका वर्षानुवर्षं शोधल्या, फरक काही मिटला नाही. पायऱ्या ठाऊक असलेल्या वाचकाला हा वाद नीट कळतो: एखादी पायरी तिरकी आहे का, की विश्वात अजून काही आहे जे आपण धरलंच नाही? पायऱ्या कधी न दाखवलेल्या वाचकापर्यंत पोहोचतं फक्त "विश्वाचं गणित कोलमडलं" असं शीर्षक.

हल्ली देवयानीजवळ मी त्या तयार वाक्याने सुरुवात करत नाही. आधी अंगठा धरायला सांगतो. रांग रेंगाळते, काहीजण कंटाळून शनीकडे जातात, त्याला माझी ना नाही. मागच्या खेपेला एक गृहस्थ सगळं ऐकून निघून गेले आणि दहा पावलांवरून परत आले. म्हणाले, "तारा मोजायला तुम्ही पृथ्वीची कक्षा वापरलीत. पण कक्षा ३० कोटी किलोमीटरची, हे कोणी मोजलं?" मागे माणसं उभी होती. त्यांना दुर्बिणीपाशी सोडून मी त्या गृहस्थांसोबत बाजूला गेलो आणि शुक्रापासून सुरुवात केली. १९६१ मध्ये त्याच्याकडे रडारच्या लहरी पाठवल्या आणि त्या आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं, तिथून.